माशी काय म्हणते?

विमलताईंच्या दुकानात दागिना पास की नापास हे ठरवायचा अधिकार विमलताईंना नाही, गिऱ्हाइकाला नाही आणि मला तर नाहीच नाही. तो मधमाशीला आहे.

हे मी गमतीने म्हणत नाही. मी गमतीने फारसं काही म्हणत नाही, हे मला ओळखणारे सांगतील. कर्जतला दहिवलीत त्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत काम, मागे परस. सोन्यात रंगीत खडे बसवून त्या फुलं करतात. माणकांची जास्वंद, पुष्कराजाची शेवंती, नीलमाची गोकर्ण, पानं पाचूची. कुड्या, अंगठ्या, पदकं, क्वचित एखादा हार. फूल तयार होऊन त्याला जिलई दिली, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते परसातल्या तुळशीच्या मंजिऱ्यांमध्ये अडकवायचं आणि समोर पाट टाकून बसायचं. तुळशीवर मधमाश्या येतातच. त्यांतली एखादी सोन्याच्या फुलाभोवती घुटमळली, क्षणभर तरी फसली, तर फूल पास. नाही घुटमळली तर उद्या परत. तीनदा नापास झालं की मुशीत.

"चुकलं तर वितळवू," असं त्या म्हणतात. हे त्या सोन्याबद्दल म्हणतात तसं सगळ्याबद्दलच म्हणतात. माझ्या नणंदेचा घटस्फोट झाला तेव्हा त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माणसाचं हेच वाईट. वितळवता येत नाही."

घुटमळणं म्हणजे पास. बसणं म्हणजे जवळजवळ मोक्ष. विमलताईंच्या हिशेबी त्यांच्या फुलावर माशी अजून कधी बसलेली नाही. "ज्या दिवशी बसेल त्या दिवशी स्वतःसाठी कुड्या करीन," असा त्यांचा नेम आहे. तोवर त्यांच्या कानात कडुनिंबाच्या काड्या असतात. लहान मुलींच्या कानांची भोकं बुजू नयेत म्हणून घालतात, तसल्या. खालापूरकडच्या फार्महाउसांतून मोठमोठ्या गाड्यांमधून बायका येतात, समोरच्या सोनारीणबाईंच्या कानातल्या काड्या बघतात आणि आपण चुकून भाजीवालीकडे आलो की काय अशा चेहऱ्याने पाटी पुन्हा वाचून येतात. एकीने मला हळूच विचारलं होतं, "हे ऑर्गॅनिक कलेक्शन आहे का?"

आमच्या आणि त्यांच्या परसाच्या मधे एक कमरेएवढी भिंत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या भिंतीवरून आमचं सगळं चालतं. कोथिंबीर, विरजण, भांडणं. पण जवळून त्यांना पाहायची वेळ आली ती खोपोलीचा आमचा कारखाना बंद पडल्यावर. तिथे मी स्टोअर्स सांभाळायचे. नटबोल्टपासून डांबराच्या गोळ्यांपर्यंत काय कुठे आहे ते डोळे मिटून सांगायचे. कारखाना गेला, सवय राहिली. मी घरातल्या डब्यांना नंबर घालायला लागले, तेव्हा विमलताई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "ललिता, तुझ्या नवऱ्याला नंबर घालायच्या आत माझ्याकडे ये. माझ्या ऑर्डरींचा घोळ झालाय."

घोळ हा शब्द सौम्य होता. मी प्रत्येक ऑर्डरीचं कार्ड केलं. नाव, माप, खडा, तारीख. त्यांनी भिंग लावून एक कार्ड बघितलं. "छान. एक रकाना राहिला."

"कुठला?"

"माशी."

मी रकाना आखला. पुढच्या आठवड्यात मी माल देण्याच्या तारखा ठरवून भिंतीवर लावल्या. विमलताईंनी त्या शांतपणे वाचल्या आणि विचारलं, "हे माशीला दाखवलंस का?"

'माशी काय म्हणते?' हे त्यांचं दुसरं वाक्य. नवा दातांचा डॉक्टर, माझा नवा कुकर, अवकाळीचा अंदाज, कशावरही त्या हेच विचारतात. एकदा निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला. "परसात तुळशीपाशी जरा उभे राहा," त्या म्हणाल्या. तो बिचारा राहिला उभा. बरोबरच्या पोरांनी फोटो काढले. माशी काही आली नाही. विमलताईंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "पुढच्या खेपेला या. अजून घडवण बाकी आहे."

त्यांच्याकडे काही फुलं अजिबात होत नाहीत. गुलाब नाही, "त्याला सगळेच ओळखतात." जे फूल त्यांनी जिवंत पाहिलं नाही, तेही नाही. चौकच्या पुढे कुठेतरी बंगला असलेल्या एक बाई ट्युलिपचं पदक मागायला आल्या होत्या. फोनवरचे फोटो सरकवत राहिल्या. ताई म्हणाल्या, "फोटोत वास येतो का? झाड आणा. माझ्याकडे महिनाभर राहू दे. त्याची माझी ओळख होऊ दे." बाई हट्टाच्या होत्या. आठ दिवसांनी त्यांनी खरोखर ट्युलिप आणलं. प्लास्टिकचं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण विमलताईंनी ते गंभीरपणे घेतलं, तुळशीत खोचलं आणि बाईंना पाटावर बसवलं. उन्हाचा चटका बसायला लागला तशी त्या बाईंनी स्वतःच विचारलं, "सोनचाफा चांगला दिसेल का हो मला?"

गांधीलमाशी चालत नाही. "ती काय, भिंतीवरही बसते." साध्या घरमाशीचा तर विषयच काढायचा नाही. एकदा एका कुडीवर घरमाशी बसली होती. मी अजाणतेपणी कार्डावर 'बसली' असं लिहिलं. विमलताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत आणि ती कुडी चिंचेच्या पाण्याने धुऊन पुन्हा परसात ठेवली.

त्या चुकत नाहीत असं मुळीच नाही. एकदा त्यांनी अबोलीच्या कुड्या केल्या आणि गिऱ्हाइकाच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने पाकळ्या मोजून सांगितलं की एक कमी आहे.

"तू कुठली अबोली बघितलीस?" ताईंनी विचारलं.

"माथेरानला. आजीकडे."

"मग बरोबर. वरच्या हवेत काहीही होतं."

मुलगी गेल्यावर त्या परसात गेल्या, आपल्या अबोलीपुढे उभं राहून पाकळ्या मोजल्या, आणि आत येऊन म्हणाल्या, "आपलं झाड चुकलंय." कुड्या त्यांनी वितळवल्या. झाडाशी मात्र बरेच दिवस धुसफूस चालू होती. पाणी घालायच्या, पण बोलायच्या नाहीत.

आणखी एक सांगायचं म्हणजे त्यांच्या 'नाही'चे दोन प्रकार आहेत. 'नाही' म्हणजे अजून बोलणी चालू आहेत. खरा राग आला की बाजारातल्यासारखं 'नाय' येतं. 'नाय' आलं की विषय संपला, आपण आपली पिशवी उचलावी.

माशीचं हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तेही कानस चालवता चालवता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं त्या आवाजात. त्यांचे वडील खोपोलीला ठुश्या, मोहनमाळा घडवायचे. मुलींनी मुशीपाशी यायचं नाही, असा त्यांचा दंडक. विमलताईंनी लहानपणी उरल्यासुरल्या चांदीच्या तारेतून चोरून एक जास्वंद केली आणि वडिलांपुढे ठेवली. वडिलांनी ती उलटीपालटी करून पाहिली, म्हणाले, "यावर माशीसुद्धा बसायची नाही," आणि मुशीत टाकली.

"वाईट वाटलं असेल तुम्हाला," मी म्हटलं.

"वाईट कसलं? त्यांचं बरोबर होतं. देठ चुकला होता." कानस चालत राहिली. "पण परसात ठेवून बघितली नाही त्यांनी. बघायला हवी होती."

तेव्हापासून त्या फुलाची मागची बाजूही पुढच्याइतकीच करतात. देठ, खालची हिरवी वाटी, सगळं. कुणाला दिसत नाही. मी विचारलं, एवढा वेळ कशाला? "माशी काय फक्त पुढून येते?"

आता अनुजाबद्दल सांगते. अनुजा माझी मुलगी. भिंतीच्या दोन्ही बाजूंना वाढलेली. आमच्याकडे गौर तेरड्याची असते. भाद्रपदात रानातून, बांधावरून तेरड्याचं रोप मुळांसकट उपटून वाजतगाजत घरी आणायचं. मुळं म्हणजे तिची पावलं. ती माहेरवाशीण. तीन दिवस राहते, लाड करून घेते आणि जाते. विमलताई एकट्या. आईवडील गेल्यावर देव आणि गौर भावाकडे ठाण्याला गेले. अनुजा पहिली-दुसरीत असेल तेव्हा तिने भिंतीवरून विचारलं, "मावशी, तुझ्याकडे गौर का नाही येत?"

"तिला पत्ता माहीत नाही."

अनुजा गेली आणि आमच्या गौरीच्या जुडीतलं एक रोप ओढून घेऊन आली. चिखल गळत होता. भिंतीवरून पलीकडे धरून म्हणाली, "ही घे. तुझ्याकडे राहायला आलीय."

विमलताई वैतागल्या. आता हिला ठेवू कुठे, हिला जेवायला काय घालू, दुकानात गिऱ्हाईक आहे. "काय आवडतं हिला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बटाटेवडे," अनुजा म्हणाली.

तेव्हापासून विमलताईंच्या गौरीला बटाटेवड्यांचा नैवेद्य असतो. शास्त्र विचारायला कुणी गेलेलं नाही. दर वर्षी अनुजा भिंतीवरून एक रोप द्यायची, ताई ते तांब्याच्या तांब्यात ठेवायच्या आणि तीन दिवस दुकान बंद. कार्डावरच्या तारखांचं काय, असं मी विचारलं तर म्हणायच्या, "घरात पाहुणी आहे."

तर या अनुजाचं गेल्या वर्षी लग्न ठरलं. पुण्याला एकाच कंपनीत दोघं. नोंदणी करायची आणि जेवण द्यायचं, एवढंच. तारीख निघाली श्रावणातली. हल्ली मुहूर्त पंचांगात नसतात, रजेच्या अर्जात असतात. अनुजा भिंतीशी उभी राहून म्हणाली, "मावशी, मला लग्नात तुझ्या हातची कानातली हवीत. तेरड्याची."

"नाही," विमलताई म्हणाल्या. "पावसात माझं काम बंद असतं. माशी कुठून आणू?"

हे खरंच होतं. आमच्याकडचा पाऊस लागला की मधमाश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत. पण त्यामुळे आजवर काही अडलं नव्हतं. पावसात माशी नसते आणि पावसात लग्नंही नसतात. चातुर्मास माझ्या नियोजनाला फार सोयीचा होता.

"तेरडा तर पावसातच फुलतो," अनुजा म्हणाली. "त्याच्यावर कोण बसतं मग?"

विमलताईंनी आत जाऊन माप घ्यायची दोरी आणली. कानातल्याला दोरी लागत नाही. पण काहीतरी हातात हवं होतं, असं मला वाटलं.

विहीणबाई बदलापूरच्या. त्यांना कळलं तेव्हा मला फोन आला. "तेरडा? लग्नात? अहो, तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात." मी ही अडचण यादीत घालून दुकानात मांडली. विमलताई खड्यांची पुडी उलगडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गौरसुद्धा तीनच दिवस असते म्हणावं. तिला कुणी रंग उडालेली म्हणतं का?" विहीणबाईंना मी हे कळवलं. त्यावर त्यांनी फक्त जेवणात किती माणसं धरलीत, असं विचारलं.

ठाकुरवाडीच्या हिराबाई बाजारात रानभाज्या घेऊन येतात. त्यांना तेरडा आणायला सांगितला. त्यांनी पाटीभर आणून ओट्यावर ओतला.

"आवं ताय, ह्यो तं गटाराच्या कडंला बी उगवतो. ह्याचं सोनं करताव तुमी?"

"करतेय."

"करा बया. माझी शेळी बी तोंड लावत नाय ह्याला."

विमलताईंनी भिंग लावलं आणि आठवडाभर तेरड्यापुढून हलल्या नाहीत. तेरड्याचं फूल पुढून साधं दिसतं. गुलाबी-जांभळ्या पाकळ्या, बस्स. पण मागे त्याला एक बारीक वाकडी नळी असते. शेपटीसारखी. फुलाचा मध त्या नळीत असतो. पाकळ्यांना त्यांनी लालडीचे खडे घेतले, कडांना जांभळा कटेला, देठाला पाचूचा कण. आणि नळी करायला घेतली ती आतून पोकळ.

"ताई, ती कानाच्या मागे जाणार," मी म्हटलं. "भरीव केलीत तर दिवस वाचतील."

"मग मध कुठे ठेवायचा तिने?"

"कुणी?"

"फुलाने."

मी कार्डावर तारीख पुढे ढकलली.

कानातली झाली तेव्हा लग्नाला पाच-सहा दिवस होते. इतकी वर्षं मी त्यांचं काम बघतेय. पण ती हातात घेतल्यावर मला चिखलाचा वास आल्यासारखं वाटलं. ही मी तारीफ म्हणून सांगतेय. मी डबीसाठी हात पुढे केला. विमलताईंनी ती परत घेतली आणि छत्री उघडून परसात गेल्या.

पाऊस कोसळत होता. पाटावर त्या, वर छत्री, समोर तुळस, तुळशीत तेरडा. दुपारी मी भिंतीवरून विचारलं, "काय?"

"बेडूक आलाय."

"तो धरायचा का?"

"तो माशी खायला आलाय. त्यालाही मिळाली नाही."

दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी सकाळी जरा उघडलं, पिवळट ऊन पडलं आणि खरोखर एक माशी आली. मी भिंतीला रेटून उभी होते. ती तुळशीवर आली, एका मंजिरीवरून दुसरीवर गेली, तेरड्याच्या अगदी जवळून गेली, आणि सरळ कोपऱ्यातल्या जास्वंदीत घुसली. वळूनसुद्धा बघितलं नाही.

"ती भिजलेली होती," मी म्हटलं. "घाईत होती."

"माशीची बाजू घेऊ नकोस," विमलताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानात गेले. माझ्या यादीत तेवढी एकच ओळ उरली होती. म्हटलं, "ताई, घुटमळली नाही तर नाही. द्या आता."

"नाय."

मी पिशवी उचलली नाही. "पोरीला काय सांगू?"

"नापास फूल मी अनूच्या कानात घालणार नाय. दुसऱ्या कुणाच्या घातलं असतं एखाद वेळ."

"नापास कोण म्हणतं? एक ओली माशी?"

त्या खड्यांच्या पुड्या आवरायला लागल्या.

"वडील एकदा काय बोलून गेले ते तुम्ही माझ्या मुलीच्या लग्नावर काढू नका," मी म्हटलं आणि घरी आले. त्या ओळीपुढे लिहिलं: माझे जुने मोती. अनुजाला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी देईल." मी म्हटलं, मावशीने नाय म्हटलंय. ती म्हणाली, "मग मी कान मोकळे ठेवीन. तिच्यासारख्या काड्या घालीन हवं तर." या घरात व्यवहार बघणारी मी एकटीच आहे.

सकाळी निघायच्या गडबडीत दाराची कडी वाजली. पुढच्या दाराची. विमलताई आमच्याकडे पुढच्या दाराने कधीही आलेल्या नाहीत. इरकल नेसलेल्या, इरकलीला डांबराच्या गोळ्यांचा वास, केस मात्र चिंब. हातात डबी.

"पास," त्या म्हणाल्या.

बाहेर पाऊस असा होता की समोरचं घर दिसत नव्हतं. "माशी आली? आत्ता?"

"तू तुझी यादी बघ. हार आले का?"

हार आले नव्हते. मी फोनकडे धावले.

कचेरीत सह्या चालू होत्या. अनुजा टेबलावर वाकली होती आणि कानात तेरडा हलत होता. विहीणबाईसुद्धा दोनदा चष्मा पुसून बघत होत्या. एवढ्यात अनुजा हळूच म्हणाली, "आई, मानेवर काहीतरी ओघळतंय." मी बोट लावून पाहिलं. सोनेरी, चिकट. आधी वाटलं, दागिन्यातली लाख वितळली की काय. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून जिभेला लावलं.

मध होता.

मी पुसून टाकला. "काय झालं?" विहीणबाईंनी विचारलं. "अत्तर जरा जास्त झालं," मी म्हटलं. मागे वळून बघितलं तर विमलताई खुर्चीत ताठ बसून छताच्या पंख्याचा बारकाईने अभ्यास करत होत्या.

घरी आल्यावर मी भिंतीवरून बघितलं. पाट तुळशीपुढेच होता. भिजून काळा पडलेला. छत्री कुंडीला बांधून ठेवलेली. कट्ट्यावर मधाची बाटली, झाकण उघडं, आत पाणी आणि मुंग्या. म्हणजे पहाटेपासून त्या तिथे बसल्या होत्या. नळ्या मधाने भरून. आपल्याच परीक्षेत कॉपी करून. आणि तरीही कुणी आलं नव्हतं. दागिना पास करायचा अधिकार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माशीकडून काढून घेतला होता आणि अनूचं कानातलं स्वतःच्या जबाबदारीवर पास केलं होतं.

कार्डावर माशीचा रकाना कोरा ठेवला. कोरा रकाना मला सहन होत नाही, पण ठेवला.

मग गौरी आल्या. अनुजाचा पहिलाच सण, तो सासरी व्हायला हवा. ती बदलापूरला होती. मी आमच्या गौरीतलं एक रोप भिंतीवरून पुढे केलं. विमलताई म्हणाल्या, "राहू दे तिकडेच. ज्याने आणायची त्याने आणायची असते." आणि आत गेल्या. दुकान उघडं ठेवलं. पण खिडकीतून मला दिसत होतं. चौरंग मांडलेला होता आणि त्यावर घासून लख्ख केलेला रिकामा तांब्या.

गौरी जायच्या दिवशी दुपारी अनुजा आली. आमच्याकडे नाही, तिकडेच. अर्ध्या वाटेत, शेलूच्या अलीकडे गाडी थांबवून तिने बांधावरचा एक तेरडा उपटला होता. नव्या साडीवर चिखल.

"आज तर गौर पाठवायची, कार्टे," विमलताई म्हणाल्या. "आज कुणी आणतं का?"

"संध्याकाळपर्यंत राहील ना. वडे केलेस का?"

"वडे कोण करणार? मला काय माहीत तू येणार?" असं म्हणत त्या आत गेल्या आणि लगेच ताट घेऊन बाहेर आल्या. वडे कोमट होते. म्हणजे केव्हाच तळून झाले होते.

ऊन पडलं होतं, स्वच्छ, धुतलेलं. अनुजा तुळशीपाशी वाकून तेरड्याची मुळं धुवत होती. कानात तीच कानातली. लग्नानंतर ती मी स्वतः कोमट पाण्याने दोनदा धुतली होती. नळ्या आतून धुतल्या गेल्या की नाही, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. तुळशीवर माश्या होत्या. त्यांतली एक उठली, अनुजाच्या मानेशी आली, घुटमळली, एक फेरी मारली, मागून आली, आणि नळीच्या तोंडाशी, लालडीच्या पाकळीवर बसली. पाय रोवून बसली.

मी भिंतीपाशी होते. हलले नाही. विमलताई पायरीवर ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, हे मी पाहिलं. त्यांनी ताट खाली ठेवलं, तीन ढांगांत तुळशीपर्यंत आल्या आणि पदर झटकला. "हट. हट. जा तिकडे."

माशी उडाली.

"काय गं मावशी?" अनुजाने विचारलं.

"काही नाही. धू तू."

मला राहवलं नाही. "ताई, बसली होती."

"दिसलं मला."

"मग हाकललीत कशाला?"

"कानाला डसली असती म्हणजे?" त्या म्हणाल्या.

माशी एव्हाना कोपऱ्यातल्या जास्वंदीत शिरली होती. अनुजाची मुळं धुऊन होईपर्यंत विमलताई तिच्या कानावर पदर धरून उभ्या होत्या.